हा घास त्या आजीचा

४ मे, रविवार. पहाटे पाच वाजता कोल्हापुरात नणंदेच्या ओट्यापाशी उभी राहून मी वीस चपात्या लाटल्या. प्रत्येकीला तूप-गूळ लावून घट्ट सुरळ्या केल्या आणि डब्यात उभ्या भरल्या. दोन लहान मुलींना घेऊन कोल्हापूर ते कर्जत गाडीने यायचं म्हणजे हॉटेलच्या भरवशावर राहून चालत नाही.

आधीच सांगते – भूतखेत, नजर, उतारा यातलं मी काही मानत नाही. रसायनीकडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी सुपरवायझर आहे, चोवीस वर्षं झाली. अन्न कधी आंबतं, किती तासांनी बुळबुळीत होतं, हे मला नुसत्या वासावरून कळतं. म्हणूनच हे लिहिताना माझी मलाच चीड येते... किळस येते ती वेगळीच.

गाडी मुलगा निलेश चालवत होता. सून प्रज्ञा पुढे, कारण मागे बसलं की तिला मळमळतं. मागे मधोमध मी, एका बाजूला सात वर्षांची ईरा आणि डाव्या खिडकीशी चार वर्षांची ओवी.

लांबच्या प्रवासात मुलांना खूश ठेवायला काही जादू लागत नाही. पिशवीतलं सगळं एकदम दाखवायचं नाही, तासातासाला एकेक वस्तू काढायची. कराडपर्यंत रंगीत खडू, साताऱ्यापर्यंत गाड्यांचे रंग ओळखणं, पुढे भेंड्या. दर दीड तासाला खाली उतरवून पळवायचं. पण शेवटच्या तासाचं औषध कुठल्याच पिशवीत नसतं. खोपोली सोडली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ईरा झोपली होती. ओवी भुकेने किरकिरत होती, आणि तोंड काही उघडत नव्हती.

मग मी घरोघरी करतात तेच केलं. हा घास चिऊचा, हा घास काऊचा. चिऊ-काऊ झाल्यावर खिडकीतून दिसेल त्याचा. हा टेंपोचा. हा डोंगराचा. हा माथेरानच्या घोड्याचा, म्हणजे न दिसणाऱ्याचाही. ओवी खायला लागली.

"आई, अख्ख्या खालापूर तालुक्याला जेवायला बोलावलंस की काय?" निलेश आरशातून म्हणाला.

"तू रस्त्याकडे बघ. तुलाही पहिलीत जाईपर्यंत असंच भरवलंय."

पळसदरीच्या अलीकडे पुढे एक ट्रक बंद पडला होता, म्हणून आम्ही थांबलो. डाव्या हाताला एक बंद रसवंती – पत्र्याची शेड, गंजलेला चरक आणि सिमेंटचा बाक. बाकावर एक म्हातारी बसली होती. अंगावर विटकं तपकिरी लुगडं. तोंड उघडं. जांभई नव्हती, धापही नव्हती. ओवी घासासाठी करते तसा 'आ' केलेला.

"हा त्या आजीचा," ओवी म्हणाली.

"हा घास त्या आजीचा," मीही म्हटलं आणि घास ओवीच्या तोंडात घातला.

म्हातारी चावू लागली.

सावकाश, मचमच करत. तिच्या हनुवटीवर गुळाचा ओघळ आला. काचा बंद होत्या, तरी ती मचमच मला कानाशी ऐकू येत होती. ओवीने तोंड उघडून दाखवलं. रिकामं.

"आजी, तू घास दिलाच नाहीस."

मी सीटवर शोधलं, तिच्या फ्रॉकवर शोधलं. घास नव्हता. दुसरा मोडून घेतला तर तो बोटांना ओला लागला. तार सुटणारी लाळ, आणि तिला मशेरीचा वास. आमच्या घरात कोणी मशेरी लावत नाही. ओवीने मान फिरवली. "उष्टं आहे."

"ती बाकावरची म्हातारी बघितलीस?" मी निलेशला विचारलं.

"कुठली म्हातारी? बाक रिकामा आहे की."

मी पुन्हा पाहिलं. रिकामाच होता.

घरी आल्यावर मऊ भात लावला. वाटीत वाढून ओवीसमोर नेला तर मधोमध एका घासाची खाच, आणि तिच्या कडा चिकट. भात आंबायला काही तास लागतात. हा कुकरमधून काढून सात मिनिटं झाली नव्हती. वास तोच, मशेरीचा. दूध उष्टं. सोललेलं केळं उष्टं. पाण्याच्या पेल्याच्या काठावर तपकिरी ओठांचा ठसा. मी मोरीत जाऊन ओकले. कँटीनचं तुंबलेलं गटार साफ करून घेतानाही मला कधी ओकारी आलेली नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी ओवीला तपासलं. ताप नाही, पोट मऊ, घसा साफ. "प्रवासाचा शीण असेल. पण पाणी पोटात जायला हवं. सकाळी दहापर्यंत काही घेतलं नाही तर दाखल करून सलाईन लावू." तिचे ओठ सुकले होते. झोपताना तर ती रडायचीही थांबली.

प्रज्ञाला मी सगळं सांगितलं. ती ओवीच्या पायांवरून हात फिरवत होती. म्हणाली, "आई, तुम्ही तिला जेवायला बोलावलंत आणि ताट नाही वाढलंत."

"शिकलेली मुलगी आहेस तू," मी म्हटलं. पण ते मनातून जाईना. कँटीनमध्ये नव्या बायकांना मीच शिकवते – ज्याला हाक मारली त्याचं ताट आधी भरा, नाही तर तो शेजारच्याच्या ताटात हात घालतो.

सकाळी उठून मी वरण-भात केला, तूप-गुळाची चपाती केली, लिंबाची फोड ठेवली. स्टीलचं ताट नीट वाढून फडक्यात बांधलं आणि स्कूटीवरून पळसदरीकडे निघाले. रसवंतीपाशी करवंदांची पाटी घेतलेली एक बाई उभी होती.

"मावशी, या बाकावर एक म्हातारी बसते का?"

"नाय गं. रसवंती बंद पडली तवापासून हितं कुत्रं बी बसत नाय." तिने माझ्या हातातलं गाठोडं पाहिलं. "गाडीवाली लोकं हितं रिकाम्या बाटल्या फेकतात. तू तर ताट घेऊन आलीस. वाया घालवायचं आसंल तर मी हाय की."

"तुमच्यासाठी नाही ते," मी म्हटलं. ती हसत खोपोलीच्या दिशेने गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी ताट बाकावर मांडलं. "हे तुझं. पोरीच्या ताटातला हात काढ." कँटीनमध्ये बोलते त्याच आवाजात बोलले. वळून स्कूटीपर्यंत पोचले नसेन, तोच मागून मचमच सुरू झाली. मी वळून पाहिलं नाही. भीतीने नाही... कोणी तसं खाताना मला बघवत नाही. ताट आणायलाही मी पुन्हा गेले नाही.

याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. निलेश म्हणतो उन्हाने झालं असेल. ऊन लागून पेल्यावर ओठ उमटतात का, हे त्याने मला सांगावं.

घरी पोचले तेव्हा आठ वाजले होते. पुन्हा मऊ भात लावला, वाटीत काढला आणि पहिला चमचा मी खाल्ला. भातच होता, मीठ जरा कमी. ओवी प्रज्ञाच्या मांडीवर होती. तिने वाटीत नाक घालून वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हा घास कोणाचा?"

"ओवीचा," मी म्हटलं. "पुढचाही ओवीचाच."

तिने तोंड उघडलं.