फाटकातली टॉफी

दारातून टपाल टाकायच्या झडपेवर काठीने दोनदा टकटक, आणि मग आवाज, "राईट देन!" शनिवारी सकाळी साडेनऊला. मी कोट चढवून दार उघडेपर्यंत शेजारच्या बाई रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचलेल्या असायच्या. वय ब्याऐंशी.

त्यांना बसलेलं मी एकदाच पाहिलं. ते पुढे सांगते. एरवी चहासुद्धा माझ्या किचनच्या खिडकीशी उभ्यानं. कप हातात, नजर बाहेर, बस सुटेल अशा घाईत. "बसलं की गंज चढतो, लव्ह."

तुम्ही इंग्लंडमध्ये राहिला असाल तर अशा एक बाई तुमच्याही रस्त्यावर असतील. चुकीच्या दिवशी बाहेर ठेवलेला कचऱ्याचा डबा सगळ्यांत आधी त्यांना दिसतो. आमची ओळख तशीच झाली. मेडनहेडच्या या टोकाला राहायला आले त्याच आठवड्यात मी हिरव्या डब्याच्या दिवशी काळा डबा बाहेर काढला. त्यांनी तो स्वतः ढकलत परत आणला आणि विचारलं, "तू चालतेस का?" मी घरून काम करते, माणसं टाळायची मला सवय आहे. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि ते वेळेवर सुचलं नाही.

इथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. मला दोन वर्षांत ते जमलं नाही. मी नुसतंच "एक्स्क्यूज मी" म्हणायचे. माझी फ्लॅटमेट केतकी, नागपूरची, हसायची. "अगं, नुसतं नाव घ्यायचंय, उखाणा नाही."

त्या पुढे, मी मागे. काठी टेकायला कमी, दाखवायला जास्त. "हे कार पार्क दिसतंय ना? इथे तळं होतं. माझ्या भावाचा एक बूट अजून त्यात आहे." "या घरांच्या जागी गाई." त्यांच्या लहानपणी हे गाव होतं, मेडनहेड दूर होतं. थंडीत शाळेत दुधाच्या बाटल्या गोठायच्या, मग शिक्षिका त्या शेगडीभोवती मांडून ठेवायच्या आणि दूध कोमट, वाईट लागायचं. ते आठवून त्या अजून तोंड वाकडं करायच्या.

पुण्यात इंग्रजी शाळेत मी हेज म्हणजे झुडपांचं कुंपण, ब्रुक म्हणजे ओढा, मेडो म्हणजे कुरण, असे शब्द पाठ केले होते. त्यांचा अर्थ आमच्या टीचरनेही पाहिलेला नव्हता. बाईंनी ते मला एकेक करून दाखवले. शब्द माझ्याकडे आधीपासून होते, वस्तू आता मिळत होत्या. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

सगळ्या फेऱ्या शेवटी एकाच वाटेवर यायच्या. सफरचंदांच्या जुन्या बागेतून जाणारी, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतकी अरुंद. पाचव्या वर्षापासून त्या तिच्यावरून शाळेत गेल्या, मग कामाला, मग चर्चला. गेल्या वर्षी बाग विकली गेली. एका शनिवारी आम्ही पोचलो तर समोर पत्र्याचं कुंपण. बाईंनी पत्र्यावर काठीने दोनदा टकटक केली, कोणी उघडेल अशी. मग लांबच्या रस्त्याने वळल्या. घरापर्यंतचं पाच मिनिटांचं अंतर चाळीस मिनिटांचं झालं.

इथे एक कायदा आहे. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं उघडपणे, कोणाला न विचारता चालले असतील, तर ती सगळ्यांची होऊ शकते. त्यासाठी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, आपल्या आठवणी लिहून द्यायच्या. रस्त्यावरच्या सात-आठ घरांनी फॉर्म भरले. पण सगळ्यांत लांब आठवण बाईंची. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून लिहायला मी.

त्या माझ्या किचनमध्ये येरझाऱ्या घालत सांगत होत्या. शाळा, चिखल, भावाचा दुसरा बूट. आणि मग त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट, मी निदान दहा वेळा ऐकलेली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बागवाला फाटकाला साखळी लावायचा आणि स्वतः तिथे टॉफीचा डबा घेऊन उभा राहायचा. "आज वाट बंद. उद्या या." प्रत्येक पोराला एक टॉफी. तेव्हा, महायुद्धानंतर, गोड खाऊ रेशनवर मोजूनच मिळायचा. पोरं बंद फाटकावर मुद्दाम धावत जायची. पुढे त्याच्या मुलानेही बाग विकेपर्यंत हे चालू ठेवलं.

माझं पेन थांबलं. फॉर्मबरोबरची माहिती मी नीट वाचली होती. मालक वर्षातून एक दिवस वाट बंद ठेवतो ते हेच दाखवायला, की ती त्याची आहे, आपण त्याच्या परवानगीने चालतो. असं असेल तर दावा संपला.

मी ते लिहिलं नाही. गप्प राहणं मला फार चांगलं जमतं.

मग मी फॉर्म वाचून दाखवला. त्या खिडकीशी उभ्या होत्या. "टॉफी राहिली," त्या म्हणाल्या.

मला सांगावंच लागलं. बाकी कोणी ती साखळी लिहिलेली नाही, हेही सांगितलं.

त्या बसल्या. खुर्ची ओढून, कोट न काढता.

"मला वाटायचं, त्याला आम्ही आवडायचो," त्या म्हणाल्या.

"आवडतही असाल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पटला नाही.

केतकीने आतल्या खोलीतून डोकं काढलं आणि मराठीत कुजबुजली, "नको लिहूस गं. कोणाला कळणारे?"

बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्या केतकीकडे बघून हसल्या. मग टेबलावर हात टेकून उठल्या. "राईट देन. लिही. सही माझी आहे. आणि टॉफी चांगली होती, तेही लिही."

मी लिहिलं. दोन्ही.

मार्चमध्ये त्या झोपेतच गेल्या. कौन्सिलचं उत्तर त्यानंतर आलं: दावा मान्य नाही, दरवर्षी वाट बंद ठेवल्याचा एका जबाबात उल्लेख आहे. कोणाचा जबाब ते पत्रात नव्हतं. पण सगळ्यांत जुनी आठवण बाईंची, आणि त्यांचा फॉर्म माझ्या अक्षरात, हे रस्त्यावर माहीत आहे. समोरच्या घरातले आता हात करत नाहीत.

न लिहिते तर? चालताना हे रोज डोक्यात येतं, आणि मी रोज चालते. बसवत नाही. चहा खिडकीशी उभ्यानं संपतो. "तुझंही सुरू झालं," केतकी म्हणते. शनिवारी साडेनऊला झडप वाजत नाही, तरी माझ्या पायात बूट असतात. कुंपणापाशी पोचले की इकडेतिकडे बघते, कोणी नसेल तर पत्र्यावर बोटांनी दोनदा टकटक करते, आणि लांबच्या रस्त्याला लागते.