भाऊजींची चिकटपट्टी

भाऊजींनी आयुष्यात कुठलीही वस्तू वापरली नाही. त्यांनी ती जपली.

त्यांच्या घरच्या सोफ्यावरचं प्लास्टिक सोफा आला त्या दिवसापासून तसंच होतं. पाहुणा टेकला की फर्रकन आवाज व्हायचा आणि ओशाळायचा तो पाहुणाच. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवी रबरबँडमध्ये. आवाज वाढवायचा तर बटण दोनदा दाबायचं, एकदा पिशवीला कळावं म्हणून, एकदा रिमोटला. छत्री होती, पण पावसात खराब होते म्हणून पावसात नेत नसत. आणि या सगळ्यावर, जिथे म्हणून फट, भोक, कड किंवा कोपरा दिसेल तिथे, भाऊजींची पारदर्शक चिकटपट्टी.

नोकरीही देवाने त्यांना शोधून दिल्यासारखी मिळाली होती. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सामान सांभाळायचं. कामगार हातमोजे मागायला आला की भाऊजी म्हणायचे, "आधी जुने दाखव." जुने दाखवले की म्हणायचे, "हे चालतायत की!" बोट बाहेर आलेलं असलं तर म्हणायचे, "एकच तर आलंय." त्यांच्या निरोप समारंभात मोठे साहेब म्हणाले, "यांच्या काळात स्टोअरमधला एक खिळासुद्धा वाया गेला नाही." मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं, "बाहेर आला असता तर वाया गेला असता ना!" भाऊजी हा किस्सा स्वतःच सांगायचे, कौतुक म्हणून.

त्या स्टोअरमध्ये एक कॉम्प्युटर होता. एवढ्या भांडवलावर भाऊजी आमच्या गोष्टीतल्या कुटुंबाचे कॉम्प्युटरतज्ज्ञ झाले होते. कुणाचं काही अडलं की त्यांना बोलवायचं, अशी रीतच पडून गेली होती. अडलेलं सुटायचं की नाही, याची नोंद कुणी ठेवली नव्हती.

एकच बाई ती नोंद मनातल्या मनात ठेवून होती. ती म्हणजे त्यांच्या मेव्हण्याची बायको. भाऊजी तिच्या नणंदेचे यजमान, म्हणजे घरचे जावई, म्हणजे त्यांना उलट बोलायची सोय नाही. घरात तिला सगळे आई म्हणत, नवरासुद्धा, तेव्हा आपणही आईच म्हणू.

आईच्या लेकीने डोळे तपासण्याचं शिक्षण पूर्ण केलं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या नेत्र रुग्णालयात जागा निघाली होती आणि मुलाखत व्हिडिओवर होती, आज दुपारी चार वाजता. समोर पडद्यावर डोळ्यांच्या आतली चित्रं दाखवणार, आणि उमेदवाराने बघता बघता निदान टाइप करायचं. फोनवरून जोडलेल्यांना घेणार नाही, हे त्यांनी दोनदा कळवलं होतं. आणि लेकीच्या लॅपटॉपचा पडदा परवाच काळाठिक्कर पडला होता. दुरुस्तीवाल्याने आठवडा सांगितला. मैत्रिणींचे लॅपटॉप मैत्रिणींना त्याच मुलाखतीसाठी हवे होते. बाबांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर टेबलाला साखळीने बांधलेला होता.

"दादांकडे तो छोटा लॅपटॉप आहे की!" बाबा काल म्हणाले होते. बाबा भाऊजींना दादा म्हणत. "अगदी नवाकोरा."

नवाकोरा होता हे खरं. वह्या ठेवायच्या पिशवीत मावेल एवढासा तो लॅपटॉप भाऊजींनी कधीकाळी हौसेने घेतला होता आणि लगेच कपाटात ठेवला होता. त्या काळी घेतलेले बाकीच्यांचे लॅपटॉप झिजून, मोडून, भंगारात जाऊन परत पत्रा होऊन आले असतील. हा मात्र तसाच होता. कडेने, कोपऱ्यांवर, झाकणावर, सगळीकडे चिकटपट्टी. कंपनीचं स्टिकर, त्यावर पट्टी. त्या पट्टीची कड उचकटू नये म्हणून तिच्यावर आणखी एक.

भाऊजी सकाळीच आले. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेल पिशवीत.

"एक अट आहे," ते बसायच्या आधीच म्हणाले. "पट्टीला नख लावायचं नाही. मशीन आतून धुळीने मरतं. लोकांना कळत नाही."

"नाही लावणार काका," लेक म्हणाली. "फक्त वायफाय जोडून द्या."

"जोडून द्या म्हणजे काय! दोन मिनिटांचं काम."

ती दोन मिनिटं चहा होईपर्यंत टिकली, मग दुसरा चहा होईपर्यंत, मग जेवणापर्यंत. लॅपटॉप सुरू झाला, पडदा उजळला, सगळं ठीक. फक्त वायफायच्या जागी लाल फुली. फोनवर घरातलं वायफाय छान चालत होतं. या लॅपटॉपला मात्र घरचंच काय, शेजारचंही दिसत नव्हतं.

भाऊजींनी मशीन बंद करून चालू केलं. मग वायफायचा डबा बंद करून चालू केला. मग दोन्ही एकदम बंद करून, हात मागे बांधून खोलीत फेऱ्या मारल्या आणि दोन्ही एकदम चालू केले.

"भिंत जाड आहे," ते म्हणाले.

"काका, डबा याच खोलीत आहे."

"मग रंग. तेलरंग दिलाय ना भिंतीला? लहरी घसरतात."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लेकीने या एका जागेसाठी दोन महिने कशी उजळणी केली होती ते तिने पाहिलं होतं. आरशासमोर उभी राहून पोर स्वतःलाच प्रश्न विचारायची आणि स्वतःच अडखळायची. आणि आता ती पोर एका माणसाकडे बघत होती, जो लहरी घसरतात असं म्हणत होता.

"वायरने जोडता येतं ना?" आई म्हणाली. "डब्यापासून वायर ओढून?"

लेकीने घरातली वायर आणली. ती टेबलापर्यंत पोचत नव्हती, आणि डबा दाराजवळच्या भिंतीत ठोकलेला. दाराजवळ स्टूल ठेवून बसायचं म्हटलं, तर मागे चपलांचं कपाट दिसणार आणि जिन्यावरची भांडणं ऐकू येणार. तरी लेक म्हणाली, "चालेल, बसते." पण लॅपटॉपला वायरचं भोक सापडेना. भाऊजींनी ते कापूस घालून, वर पट्टी लावून बुजवलं होतं.

"झुरळं शिरतात," ते म्हणाले. "आणि वायर हवीच असेल तर माझ्याकडे आहे की चांगली लांब. पंधरा-वीस फुटी."

आईचा चेहरा उजळला. "मग आणा ना भाऊजी! रिक्षाने जा, या."

"अहो वहिनी, ती पॅक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे फोडलेली नाही. एकदा फोडली की झाली जुनी."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं. जावयाचा अपमान नको, ताईला वाईट वाटेल, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या पंख्यावर लिहिलेलं होतं. ताई बिचारी! या माणसाबरोबर तीसेक वर्षं राहिलेली. लग्नातला तिचा चांगला शालू अजून घडी मोडायचा होता. आईला कधी कधी वाटायचं, एखाद्या दिवशी भाऊजी ताईलाही टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवतील आणि लोकांना सांगतील, अगदी नवीकोरी आहे.

जेवणं झाली. भाऊजी पोटभर जेवले. भूक ही एकच गोष्ट ते जपून न ठेवता वापरत. मग पुन्हा लॅपटॉपसमोर बसले. लाल फुलीवर बोट नेलं की एक छोटी चौकट उघडत होती. आई चष्मा लावून वाकली.

"यात लिहिलंय की वायरलेस बंद आहे. स्विच चालू करा म्हणतात."

"स्विच चालूच आहे." भाऊजींनी भिंतीवरच्या विजेच्या बटणाकडे हात केला. "दिसत नाही का? त्याशिवाय मशीन चालेल का वहिनी?"

"भिंतीवरचा नसेल म्हणत. मशीनचा काही..."

"ते सगळ्यांनाच तसं लिहितात. वाचत बसायचं नसतं." भाऊजींनी ती चौकट बंद केली, माशी हाकलावी तशी. "आता एकच उपाय. फॉरमॅट. सगळं पुसायचं आणि नव्याने भरायचं."

"किती वेळ लागेल?" लेकीने विचारलं.

"लागतील तीन-चार तास. घाई केली की चुका होतात."

अडीच वाजून गेले होते. लेक उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आईला ते लोटलेलं दार बघवेना. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊजी फॉरमॅटची डिस्क शोधायला पिशवीत वाकले. डिस्क एका पाकिटात, पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि त्याच्यावर पट्टी. पट्टी फाटू न देता सोडवायची म्हणजे वेळ लागणारच.

आईला एक सवय होती. काळजी लागली की तिची बोटं स्वस्थ बसत नसत. दूधपिशवीची कड सोल, कॅलेंडरचा कोपरा सोल, काहीतरी सोलत बसायचं. लेकीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तिने बसल्या जागी टेबलाच्या कडेचा सनमायका वीतभर उचकटला होता. आताही तिचं नख लॅपटॉपच्या पुढच्या कडेवर चालू झालं होतं, तिच्या नकळत. पट्टीचा कोपरा सुटला. वरची पट्टी निघाली, खालची निघाली. वर्षानुवर्षांचा गोंद पिवळा पडून चिकटला होता, तो तिने नखाने खरवडला. खाली काहीतरी बारीकसं खडबडीत लागलं.

तिने वाकून पाहिलं. कडेच्या आत बसवलेलं, तांदळाएवढं, सरकवायचं बटण. शेजारी वायफायची ती खूण, पंख्यासारखी.

आईने भाऊजींकडे पाहिलं. ते दाताने पाकिटाशी झटत होते. तिने नखाने बटण उजवीकडे सरकवलं.

छोटासा निळा दिवा लागला. लाल फुली गेली. आणि पडद्यावर एकामागून एक नावं उतरली: शेजाऱ्यांचं, वरच्या मजल्यावरचं, समोरच्या दवाखान्याचं, आणि त्यात घरचं.

"बाहेर ये!" आई ओरडली. "अगं बाहेर ये, लागलं!"

लेक धावत आली. तिने पासवर्ड टाकला, पान उघडलं, आणि ती तिथेच खुर्चीत बसून रडायला आणि हसायला एकदमच लागली. बाबा टाळ्या वाजवायला निघाले आणि भाऊजींकडे बघून थांबले.

भाऊजींनी ते बटण बघितलं. चष्मा काढून बघितलं. मग त्यांचा चेहरा खुलला. आईला वाटलं, आता तरी ओशाळतील. निदान खाकरतील.

"अरे हो!" भाऊजी म्हणाले. "हे मीच बंद करून ठेवलं होतं! घेतलं त्या दिवशीच. चालू राहिलं की झिजतं ना. म्हणून वरून पट्टी. बघा, एवढ्या वर्षांत हललंसुद्धा नाही जागचं!" आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात जपणं."

बाबा म्हणाले, "खरंय दादा."

आईने त्या वेळी नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढे बरेच दिवस त्या घरात वापरात राहिली.

चार वाजता भाऊजी आतल्या खोलीत लेकीच्या मागे खुर्ची टाकून बसायला निघाले; मशीन अडलं तर कोणीतरी जाणकार हवा, असं त्यांचं म्हणणं. आई दारात उभी राहिली.

"भाऊजी, आत धूळ आहे," ती म्हणाली. "तुम्ही खराब व्हाल."

भाऊजींना ते पटलं. ते हॉलमध्ये जाऊन झोपले. आई दाराला पाठ लावून उभी राहिली, आतल्या टकटक आवाजाकडे कान लावून. टाइप करणं थांबलं की तिचा श्वास थांबायचा. टकटक सुरू झाली की तोही सुरू व्हायचा. हॉलमध्ये तज्ज्ञ घोरत होते.

दार उघडलं तेव्हा लेकीचा चेहरा बघूनच आईला कळलं.

"घेतलं," लेक म्हणाली. "सगळी चित्रं ओळखली आई. एक तारखेला बोलावलंय."

गलका ऐकून भाऊजी उठले. बातमी ऐकून म्हणाले, "मशीन शेवटी कुणाचं!" मग लगेच लॅपटॉपकडे वळले, तो उलटासुलटा करून बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, पट्टी काढलीत तुम्ही. अट काय होती?"

आईने टेबलावर पडलेल्या पट्ट्या गोळा केल्या. पिवळ्या, सुरकुतलेल्या, धुळीने आणि गोंदाने माखलेल्या. त्यांचा बोराएवढा गोळा झाला. तो तिने एका लहान प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला नीट गाठ मारली, आणि दोन्ही हातांनी, मानाने, भाऊजींच्या पुढे धरली.

"तुमचं हे राहिलं होतं."

बाबा खोकले. लेकीने तोंड फिरवलं. आईला वाटलं, आता पेटणार. पेटू दे. वीस वर्षं गिळलेलं सगळं तिच्या जिभेच्या टोकावर येऊन रांगेत उभं होतं.

भाऊजींनी पिशवी घेतली. गाठ सोडली. आतल्या गोळ्याला अंगठा लावून पाहिला आणि उचलला. गोळा अंगठ्याला लटकून वर आला.

"अजून चिकटतंय," ते समाधानाने म्हणाले, आणि गोळा परत पिशवीत घालून, गाठ मारून, पिशवी टॉवेलात गुंडाळायला लागले.