कानपिळी

मी माझ्या दाजींच्या पाठुंगळी बसलो होतो. बुटांना चिखल लागू नये म्हणून. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही. अक्काला तर नाहीच.

दाजी म्हणजे अक्काचा नवरा. आमच्यात दाजी दिसले की आधी पाया पडायचं, मग बोलायचं.

सिद्धेश्वर धरणावर आमच्या क्लबचं शिबिर होतं. शिडाच्या होड्यांचं. हंगामाच्या शेवटच्या शर्यती तोंडावर आलेल्या. पोरं-पोरी शहरातल्या, मोठ्या घरच्या. मी सहायक प्रशिक्षक. वर मॅनेजर साहेब. मी हिंगोलीकडचा, एवढंच त्यांना माहीत. घरी काय करतात म्हणून कुणी विचारलं की मी ‘शेती’ म्हणायचो. शेती कुठली? आम्ही भोई. याच धरणात जाळं टाकून बापानं आम्हाला वाढवलं. शिबिराची जागा ठरली तेव्हाही मी गप्पच होतो.

कॅनॉलला पाणी सोडलेलं, त्यामुळं धरण मागं हटलेलं. काठ आणि होड्या यांच्यामधे नुसता गाळ. साहेबांनी काठावरच्या मासेवाल्यांना हाक मारली. तिघं आले. त्यांत दाजी. केस पिकलेले, पण चाल तीच. त्यांनी मला पाहिलं. माझ्या टोपीकडं, गळ्यातल्या शिट्टीकडं पाहिलं. मग खाली बघितलं.

“कोण रे तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

“भोई हाव साहेब.”

“भोई? म्हणजे पालखी उचलणारेच की. चला, उचला मग.”

पोरं हसली. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात आहे. थुंकता येत नाही.

एकेकाला पाठीवर घेऊन त्यांनी होडीपर्यंत पोचवलं. मी मागं मागं राहिलो.

“तुला काय अक्षता देऊन बोलवायचं का?” साहेब म्हणाले.

दाजीच माझ्यापुढं आले. पाठ केली. वाकले.

“बसा साहेब.”

सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. माझं लपवलेलं त्यांनी लपवलं.

आणि मी बसलो.

त्यांचा उजवा कान माझ्या तोंडापुढं होता. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. अक्काच्या लग्नात मी हाच पिळला होता. नवी टोपी घालून, दातओठ खाऊन. सोडेचना. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ते हसत होते. “बहीण दिली तेवढी बास झाली पाव्हणं,” म्हणाले, “कान तरी ऱ्हाऊ द्या मला.” मांडव हसला होता.

मधेच त्यांचा पाय घसरला. मी कललो. मान न वळवता ते पुटपुटले,

“कान धर. कोणता ते ठावं हाय तुला.”

मी कान धरला नाही. हात उचललाच नाही.

दिवसभर पाण्यावर मी काय शिकवलं, आठवत नाही. संध्याकाळी होड्या काठाकडं आल्या तसे साहेब ओरडले, “भोई, पालखी आणा.” दाजी गाळात उतरले. मी होडीतून उडी टाकली. बूट गाळातच राहिले. तसाच साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो.

“आता कुणाला उचलायचं न्हाई. चालत यायचं.”

“का?”

“ते माझे दाजी आहेत. मी भोई हाय.”

साहेब म्हणाले, “अरे, आधी नाही का सांगायचं? घरचीच पालखी म्हणजे.”

यावेळी पोरं हसली नाहीत. पण खालीही उतरली नाहीत.

दाजी म्हणाले, “ऱ्हाऊ दे आता. लेकरं थंडीनं कुडकुडून राहिली.” आणि होडीपाशी जाऊन पुन्हा वाकले. माझा नकार असा त्यांच्याच पाठीवरून निघून गेला.

मी शिट्टी काढून साहेबांच्या हातात दिली. नोकरी तिथंच संपली.

दाजी कडेला डबक्यात पाय धूत होते. मी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतला.

“अक्काला भेटून जा,” म्हणाले. “हे मात्र सांगू नको तिला. जीव तुटंल तिचा.”

मी मान हलवली. आणि न भेटताच वसमतची बस धरली.

दाजी अक्काजवळ गप्प आहेत. माझी अब्रू ते अजून पाठीवर घेऊन हिंडून राहिलेत. आता मला उतरायचं आहे. यापुढं कुणी विचारलं तर मी भोई म्हणून सांगणार, विचारायच्या आधी सांगणार. कुणाच्या पाठीवर बसणार नाही. आणि कुणी कुणाला वाकायला लावलं, तर हसणार नाही.

पण हे सगळं पुढचं. अक्काच्या दारात, दाजींसमोर, ‘तू ज्यांचं कुंकू लावतेस त्यांच्या पाठीवर मी बसलो,’ हे माझ्या तोंडानं तिला सांगायचं आहे. ते अजून झालेलं नाही. तेवढं माझ्याकडून बाकी आहे.