मांजरानं नाकारलेला डबा

तार इतिहासजमा झाली, पण तारमास्तरांचं नाव काही सुटलं नाही. दर रविवारी सकाळी आठला ते मागच्या खोलीतल्या, बोलता-ऐकता येणाऱ्या हॅम रेडिओसमोर बसत, डोळे मिटत आणि समुद्रापलीकडे मुलाकडे राहायला गेलेल्या लंबूला हाक मारत. लंबू म्हणजे तारघरातला शेजारच्या टेबलावरचा सोबती. "त्यापेक्षा फोन करा की," बायको म्हणे. पण फोनवर दोघं "काय, बरं आहे ना?" यापुढे कधी सरकले नव्हते. रेडिओवर मात्र तासभर भांडत.

यंदा रेडिओचा जोर वाढवणाऱ्या जुन्या अँप्लिफायरच्या काचेच्या नळ्यांनी मान टाकली. नुसत्या रेडिओच्या शंभर वॅटवर मास्तरांचा आवाज तिकडे पोचेपर्यंत अर्धमेला होई. त्यात लंबूचे कानही पेन्शनीत निघालेले. शेवटी तो म्हणाला, "लेका, निम्मं कळतच नाही रे. राहू दे आता. ओव्हर."

त्या 'राहू दे'नं मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. त्यांनी नळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा नवा अँप्लिफायर मागवला. पुस्तिकेत दटावलं होतं: रेडिओचा जोर तीस वॅटवर उतरवा, नाहीतर ट्रान्झिस्टर जळतील. जुन्या नळ्या बिचाऱ्या आधी लालबुंद होऊन सांगत तरी. हे नवे एकदम रामच म्हणायचे! मास्तरांनी जोर उतरवला, अर्थिंग आवळलं, अँटेना जोडली आणि डबा तापायला पाच मिनिटं दिली. याला तापावं लागत नाही, हेही पुस्तिकेत होतं. पण चाळीस वर्षांची सवय कुठली पुस्तिका वाचायला!

"कसा येतोय? ओव्हर."

"अरे वा! ढोल बडवतोयस नुसता! ओव्हर."

तासाभरानं मास्तर खुशीत उठले. जुन्या डब्यावर झोपणारं मांजर नव्यावर चढलं, दोन फेऱ्या मारल्या आणि तोंड फिरवून उतरलं. बायकोनं डब्याला हात लावून पाहिला.

"अहो, हा तर गार आहे."

"नवं तंत्र आहे, अगं."

"तासभर बोलून तुम्ही तापलात, हा नाही तापला?"

मास्तरांनी मागे डोकावलं. 'मी बोलतोय, तू जोर लाव' असा इशारा रेडिओकडून डब्याला देणारी बारीक वायर खोक्यातच राहिली होती! डबा तासभर पाहुण्यासारखा बसून होता. डब्यावरचा जोर दाखवणारा काटा हलला नव्हता, पण डोळे मिटून बोलणाऱ्याला काटा काय दिसणार! म्हणजे तिकडे गेले ते तीसच वॅट. नेहमीच्या शंभराहूनही कमी.

"खोटं बोलला लेकाचा!"

"तुमचं मन राखलं हो त्यांनी."

तेच मास्तरांना जास्त लागलं. काही ऐकू येत नसताना म्हातारा तासभर हुंकार भरत बसला होता.

पुढच्या रविवारी वायर लागली, डोळे उघडे राहिले. मास्तर बोलले तसा काटा टुणकन उडाला. पलीकडे नुसती खरखर.

"लंबू? ओव्हर."

"थांब जरा. मागून वहिनी ओरडतायत का रे? चहा गार झाला म्हणून? ओव्हर."

दारात कप घेऊन हाका मारणारी बायको जागच्या जागी थिजली. मास्तर पुढे सरकले.

"त्याच त्या. बरं, गेल्या रविवारी मी काय बोललो ते सांग बघू. ओव्हर."

पलीकडे लंबू खाकरला.

"अक्षरही कळलं नाही रे. परत सांग. सगळं. ओव्हर."

मांजर डब्यावर चढलं, अंगाची गुंडाळी करून विसावलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.