दिनकररावांचं ग्यारेज

दिनकररावांनी फटफटी आणली आणि त्यांच्या बैलजोडीला गोठा सोडावा लागला. देवगाव फाट्यापासून आत असलेल्या त्या गावात याआधी कुणी गुरांना असं घराबाहेर काढलं नव्हतं. बैल लिंबाखाली गेले. गोठ्यात सिमेंटचा कोबा झाला, वर नवे पत्रे चढले, भिंतींना चुना लागला आणि दारावर निळ्या रंगात ‘ग्यारेज’ अशी अक्षरं उमटली. राहत्या घराचा स्वयंपाकाचा कोपरा मात्र पावसाळ्यात गळतच राहिला, आणि त्यांची बायको कमलबाई परात कोरड्या बाजूला सरकवत भाकरी थापत राहिली. पत्रे आणतानाच चार जास्त आणले असते तर चुलीवरही पडले असते, असं ती एकदा म्हणाली होती. दिनकररावांनी तिला समजावून सांगितलं की माणूस भिजला तर वाळतो, लोखंड भिजलं तर गंजतं.

माणूस तसा वाईट नव्हता, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ती पद्धत इथं बाजूला ठेवलेली बरी. वडील तात्यारावांनी ठेवलेल्या रानाला कालव्याचं पाणी आलं. ते रान दिनकररावांनी बटईनं लावलं आणि स्वतः मोकळे झाले. मॅट्रिकला बसले, उठले, पुन्हा बसले नाहीत. मग यंत्रांचा शौक लागला. आधी रेडिओ आला. त्याला त्यांनी कातड्याचं कव्हर शिवलं आणि आवाज खराब होईल म्हणून बातम्यांपुरता लावला. पुढं घड्याळ आलं. ते सणावारी मनगटावर चढे. त्यानंतर फटफटी आली, आणि दिनकररावांच्या आयुष्याला अर्थ आला असं त्यांना वाटलं.

ग्यारेजच्या भिंतीवर खिळे होते आणि खिळ्यांवर पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. प्रत्येक पान्याच्या मागं चुन्यावर गेरूनं त्याची आकृती काढलेली होती, म्हणजे कुणी उचलला तर जागा ओरडून सांगावी. उचलणारं कुणी नव्हतंच, दिनकररावसुद्धा नाही. पाना नटाला लावला की त्याचा मुलामा जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. शेजारी ग्रीस भरायची बंदूक, पायानं मारायचा हवेचा पंप, टायर उचकायच्या पट्ट्या, हवा मोजायचा काटा. पलीकडच्या खुंटीवर हेल्मेट, गॉगल आणि कातडी हातमोजे. परभणीच्या उन्हात, जिथं माणसाला अंगावरचा सदरा जड होतो, तिथं हा गृहस्थ कोपरापर्यंत हातमोजे घालून फाट्यावर चहा प्यायला जायचा. चहा पिताना ते काढून टेबलावर असे ठेवायचा की कपबशीला जागा उरू नये.

दर रविवारी गाडीची आंघोळ असे. घासलेटाची वाटी, दात घासायचा ब्रश, जुन्या बनियनींच्या चिंध्या घेऊन दिनकरराव साखळीची एकेक कडी घासत. त्याच सकाळी कमलबाई दोन हंडे घेऊन आडावर चार खेपा करी. पाण्याचा हंडा गाडीवरून आणावा असं तिच्या मनात कधी आलं नाही, कारण मागच्या सीटवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. त्या सीटवर ती कधीही बसली नव्हती. “तुजं वजन न्हाई गं,” दिनकरराव म्हणत, “पर सवय लागली की लागती.” नेमकी सवय कुणाला लागणार, गाडीला की कमलबाईला, हे त्यांनी सांगितलं नाही.

आणि गाडीला ते तेल पाजत. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं हे पंपावरच्या पाटीवर लिहिलेलं असे. दिनकरराव ते माप वाचून हसत आणि दुप्पट ओतत. “इंजिन ही आतल्या आत घासायलेली वस्तू हाय. तेल कमी घालनारे कंजूस लोक.” त्यामुळं त्यांची फटफटी गावातून निघाली की मागं निळा धूर राही आणि म्हाताऱ्या खोकत. फाट्यावरच्या मेकॅनिकनं एकदा सांगून पाहिलं की मालक, एवढ्या तेलानं प्लग काळा होईल. त्यानंतर दिनकररावांनी त्या मेकॅनिकच्या दारावरून जाणंच बंद केलं.

कमलबाई चुडाव्याची. माहेरी सातवी पास झाली होती आणि त्या गावात सातवी पास झालेली ती एकटी सून होती. गावाला अंगणवाडी मंजूर झाली, तेव्हा तिनं नवऱ्याला न विचारता अर्ज टाकला. सेलूच्या कचेरीतून बोलावणं आलं, तेव्हा विचारावंच लागलं. तिला ही नोकरी हवी होती. मानधन किती, याचा तिनं फारसा विचार केला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून तिला या घरात कुणी कधी काही विचारलं नव्हतं, मीठ किती घालू हेसुद्धा तीच विचारी. निदान पोरं तरी येऊन विचारतील, बाई, हे काय, ते काय. एवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

मुलाखत नेमकी खंडेनवमीला आली. त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराच्या वादावरून कुठं ना कुठं बंद असायचाच. त्या दिवशीही एस.टी. बंद होती, कचेरी मात्र उघडी होती. बैलगाडीनं वेळेत पोचणं होणार नव्हतं. आदल्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात दिनकरराव म्हणाले, “फिकीर कामून करतीस? घरात गाडी हाय की.” कमलबाईला त्या क्षणी त्यांचा थोडा अभिमानसुद्धा वाटला. नंतर तिला या अभिमानाचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊन मांडतो, हळदकुंकू वाहतो आणि दुसऱ्या दिवशी शिलंगण होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. दिनकररावांनी पहाटे उठून ग्यारेजमधला प्रत्येक पाना खाली उतरवला. गाडीच्या सीटखालची, कंपनीनं दिलेल्या पान्यांची पिशवीसुद्धा रिकामी केली. लोखंडाचा तुकडा म्हणून मागं राहू दिला नाही. पाटावर सगळी फौज मांडली, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ वाढवला. विळा आणि खुरपं ठेवायला पाटावर जागा उरली नाही, म्हणून ती खाली ठेवली. गाडीची पूजा उद्या दसऱ्याला, तेव्हा गाडी आज चालायला हरकत नाही, असा निर्णयही त्यांनीच दिला. कमलबाई नवं लुगडं नेसून, कागदांची पिशवी छातीशी धरून दारात उभी होती. तिची नजर उन्हाकडं होती, पूजेत काय काय गेलं याकडं नव्हती.

सीटवरचं प्लास्टिक त्यांनी त्या दिवशीही काढलं नाही. ती त्यावर घसरत, एका हातानं कॅरेजची कडी धरून बसली. फाटा गेला. सेलूची पाण्याची टाकी लांबून दिसायला लागली आणि फटफटी खोकली, पुन्हा खोकली, थांबली.

दिनकररावांनी हातमोजे काढले, किक मारली, मारत राहिले. घाम आला तेव्हा खाली वाकून पाहिलं आणि निदान केलं: “प्लग धरला.” प्लग काढायचा, काजळी पुसायची, परत बसवायचा, एवढंच काम. त्याला एक पाना लागतो. तो पाना कुंकू लावून घरी पाटावर बसला होता.

“एक बी न्हाई आनला?” कमलबाईनं विचारलं.

“पूजेतला पाना उचलीत असतेत का? काय बोलायलीस?”

तेवढ्यात समोरून आश्रुबाचा ट्रॅक्टर आला. आश्रुबा शेजारच्या गावचा, दिनकररावांच्या ओळखीतला. कडब्याच्या पेंढ्या भरून तो उलट्या बाजूला निघाला होता. त्यानं ट्रॅक्टर थांबवला, प्लग पाहिला, नाक मुरडलं आणि पेटीतून पाइप पाना काढला. “माज्या अवजाराची पूजा ट्रॅक्टरासंगंच असती, मालक. सरका बाजूला. आत्ता काढतो.”

दिनकरराव प्लगासमोर आडवे आले. अगदी खरोखर, हात पसरून.

“पाइप पाना? त्याला दात असतेत आश्रुबा! प्लगाचे कोपरे जातील. समद्या जन्मात माज्या गाडीला पाइप पाना लागला न्हाई.”

“आवो, प्लग काय, दुसरा मिळतो.”

“कोपरे गेले म्हंजी गेले.”

कमलबाई पुढं झाली. आश्रुबासमोर ती एरवी डोक्यावरचा पदर सारखा करून गप्प बसली असती. “आवो, लावू द्या त्यास्नी. माजी येळ चालली. आज न्हाई पोचले तर दुसरी बाई घेतेल.”

“घेऊ दे की,” दिनकरराव प्लगावर रुमाल पसरत म्हणाले. “अंगनवाडी काय, पुन्यांदा निगंल. तू जरा थांब. इंजिन थंड झालं की आपोआप घेईल.”

आश्रुबानं कमलबाईकडं पाहिलं, पाइप पाना पेटीत टाकला आणि “येतो वैनी” म्हणून ट्रॅक्टर पुढं काढला. त्याला लाज वाटली होती. ज्याला वाटायला हवी होती तो रुमालाची घडी सारखी करत होता.

कमलबाईनं कागदांची पिशवी काखेत धरली. बोलायला माणूस लागतो. तिनं चपला काढून हातात घेतल्या, लुगड्याचा घोळ वर खोचला आणि टाकीच्या दिशेनं चालायला लागली. मागून हाक आली, “अगं, थांब म्हनतो ना!” मग किकचा आवाज आला, आणि मग तोही येईना. रस्ता तापला होता. तिला रडू येत होतं आणि तिला त्याचाही राग येत होता, कारण रडून चेहरा सुजला तर मुलाखतीला काय दाखवायचं?

ती पोचली तेव्हा मुलाखती संपत आल्या होत्या. बंदमुळं बऱ्याच जणी आल्याच नव्हत्या. तिच्या गावची, चौथीपर्यंत शिकलेली सरजाबाई मात्र दिराच्या छकड्यातून मध्यरात्रीच निघून आली होती आणि मुलाखत देऊन बाकावर बसली होती. अधिकारी बाई होत्या, चष्म्याच्या, थकलेल्या. त्यांनी कमलबाईच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं, पाणी द्यायला सांगितलं, थोडं वाचायला लावलं. मग दोघींना समोर बसवून विचारलं, “गावात पोरांना बसायला जागा कुठाय?”

“मारुतीच्या देवळाचा मंडप हाय,” सरजाबाई म्हणाली.

“तिथं सगळी पोरं बसू देतील? वस्तीवरचीसुद्धा?”

त्या दिवसांत या प्रश्नाला त्या जिल्ह्यात कुणी पटकन उत्तर देत नसे.

“बाई, आमच्या घरची जागा हाय,” कमलबाई म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, कारण वाक्य आधी बाहेर पडलं आणि विचार मागून आला. “कोबा केलेली हाय. नवे पत्रे हायेत, थेंब गळत न्हाई. समदी पोरं बसतेल. मी बसवीन.”

“कुणाची हरकत?”

“न्हाई.”

अधिकारी बाईंची जीप जिंतुराकडं निघणारच होती. वाटेत जागा बघून टाकू म्हणाल्या आणि कमलबाईला मागं बसवलं. फाट्याच्या अलीकडं जीपनं एका माणसाला गाठलं. हेल्मेट घातलेला तो माणूस उन्हात फटफटी ढकलत होता आणि दर दहा पावलांवर थांबून टाकीवरची धूळ पुसत होता.

“तुमच्या गावचे का?” बाईंनी विचारलं. “थांबवायचं?”

“ओळखीचे हायेत,” कमलबाई म्हणाली. “नका थांबवू. त्यांच्या गाडीला दुसऱ्याचा हात चालत न्हाई.”

दिनकरराव घरी पोचले तेव्हा जीप दारात उभी होती. अधिकारी बाई आधी वस्तीवर फिरून पोरांची नावं लिहून आल्या होत्या आणि आता ग्यारेजमध्ये पावलं टाकून लांबी मोजत होत्या. गावातली पोरं उंबऱ्यावर दाटीवाटीनं उभी होती, वस्तीवरचीही. “मालक, छान ठेवलीय हो जागा,” बाई म्हणाल्या. “अशी स्वच्छता मी आख्ख्या तालुक्यात पाहिली नाही. आपली हरकत नाही ना?”

सरकारी बाई, दारात जीप, भोवती गाव. दिनकररावांना ‘मालक’ हा शब्द ऐकल्यावर नाही म्हणता येत नसे. “हरकत कसली,” ते म्हणाले आणि हसलेसुद्धा.

जीप गेली. धूळ खाली बसली. दिनकररावांनी गाडी स्टँडवर लावली, पाटावरच्या पान्यांकडं पाहिलं, कोब्याकडं पाहिलं, आणि त्यांचा आवाज फाटला.

“मला इचारलं न्हाईस? आन् आता माजी गाडी कुठं ऱ्हाईल? ह्ये पाने कुठं ऱ्हातील?”

कमलबाई पायाला आलेला फोड पाण्यानं धूत बसली होती. तिनं वर पाहिलं. एवढा रस्ता हा माणूस चालत आला होता, दुपारभर, एकटा, विचार करायला भरपूर वेळ मिळाला होता.

“मला नौकरी लागली का न्हाई,” ती म्हणाली, “ह्ये तुमी आजून इचारलं न्हाई.”

दिनकररावांनी रुमाल काढून हँडलवरची धूळ पुसली. मग म्हणाले, “ते झालं गं. पर गाडी?”