बोथट पटाशीचा आवाज

चोपड्याच्या स्टँडवर बस सुटेपर्यंत नाना खाली उभे होते. मायने खिडकीतून कळण्याच्या भाकरी दिल्या. नाना एवढंच म्हणाले, "हात सांभाळजो." आठवीतून शाळा सोडलेल्या पोराला बाप दुसरं काय सांगणार? पाळण्याचे खांब, लाटणी कातून आमचं घर चालायचं. बाजारात तयार माल आला आणि एका लेथवर दोघांना काम पुरेना.

आता मी मस्कतला. वर्कशॉपला एसी आहे, जिन्याचे कठडे कॉम्प्युटरवर कापले जातात. फोरमन केरळचा. वाडगे, फुलदाण्या तो माझ्या हातांसाठी राखून ठेवतो, त्याचे उपकार कसे फेडू? साग फिरत असतो, पटाशी टेकते, लाकडाची लांब फीत सुटते. तेवढा वेळ व्हिसाची धास्ती, घरची काळजी काही आठवत नाही. मला हे येतं, एवढंच वाटत राहतं. शाळेत असं कधी वाटलं नव्हतं.

तुम्हीही माझ्यासारखे गाव सोडून कुठे कुठे गेला असाल. फोनवर घरच्यांना काय काय दाखवत असाल. नानांना वाडगा बघायचाच नसायचा. "दाखाडू नको, आवाज ऐकाड," म्हणायचे. मी फोन लेथजवळ ठेवायचो. जरा वेळाने तिकडून यायचं, "पटाशी बोथट शे तुनी. डोकं बी तसंच शे का?" बाप काय म्हणतो, असं फोरमन विचारायचा. मी सांगायचो, तारीफ करतो.

गेल्या वर्षापासून नाना माणसं विसरायला लागले. माझं नाव गेलं. रजा मिळेपर्यंत मी त्यांच्यात कुठेच उरलो नाही तर, या भीतीने झोप येत नाही. पण कान शाबूत असतील, असं मला वाटायचं. म्हणून परवाच्या शुक्रवारी मी मुद्दाम पटाशीला धार लावली नाही. नानांना फोन लावून लेथजवळ ठेवला आणि ती तशीच सागावर टेकवली. लाकूड किंचाळलं. मी शिव्यांची वाट बघत राहिलो.

नाना म्हणाले, "ब्येस काम शे भाऊ तुमनं. कोन गावना तुम्ही?"

मला आयुष्यात पहिल्यांदा ते तुम्ही म्हणाले. मी चोपडा सांगितलं.

"मंग तं आपलाच मानूस शेतस," ते खुशीत म्हणाले. "या ना कधी घर."

येतो म्हणालो. ते विसरतील. पण मला आता घर म्हणजे तेवढंच, नानांनी अनोळखी माणसाला दिलेलं बोलावणं. तेही मिळालं, हेच खूप.