मोर्चा आणि शटरची स्प्रिंग

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि वर दुष्काळ. कलेक्टर कचेरीवर रोज पाण्यासाठी मोर्चा. घोषणा कानावर पडल्या की आम्ही कापडवाले धडाधड शटर ओढणार. एका सकाळी माझं शटर उचलेना. स्प्रिंग तुटली होती.

शटरवाला आला. कानावर खडू. आधी त्यानं मलाच बाजूला उभं केलं. "तुटलेली गरीब असती, अप्पा. ताणलेली हात तोडती." शटर वर गुंडाळून दोरीनं बांधलं, पान्यानं दुसऱ्या टोकाच्या स्प्रिंगचा ताण हळूहळू सोडला आणि तीही काढली.

"ती तर चांगली होती!"

"बैलजोड हाय ही. एक थकला म्हंजी दुसराबी थकलेलाच."

"पण थकली कशानं?"

"दिसातून चारदा शटर खालीवर करायलात."

तेवढ्यात घोषणा आल्या. शटर बांधलेलं, दुकान सताड उघडं. मी कापडाचे गठ्ठे आत ओढू लागलो. तो नव्या स्प्रिंगांसाठी खडूनं शटरच्या पाइपवर रेघ मारत म्हणाला, "बाया घागरी घिऊन आल्यात, अप्पा, दगड न्हाई. माठ बाहेर ठिवा."

ठेवला. बायकांनी घोट-घोट पाणी पिलं आणि त्या पुढं गेल्या.

मग दर मोर्चाला मी माठच बाहेर काढत गेलो. मुलाला दुकान सोपवलं, तेव्हाही स्प्रिंगा त्या दिवशी बसवलेल्याच होत्या.